आजाराचा रकाना

मार्च महिना लागला की आमच्या वस्तीत दोन गोष्टी न चुकता येतात. एक ऊन आणि दुसरी वीज तोडणारी गाडी. आर्थिक वर्ष संपायला आलेले असते, वसुलीचे आकडे वर पाठवायचे असतात आणि थकबाकीदारांची यादी हातात घेऊन माणसे गल्लीबोळातून फिरू लागतात. या यादीत आमच्या वस्तीची नावे नेहमीच जास्त असतात. त्यात नवीन काही नाही. पण मागच्या मार्चमध्ये त्या यादीत मोठेबाबांचे घर होते आणि मोठेबाबांच्या घरात श्वास देणारे यंत्र होते. त्या दिवसापासून आम्ही जे शिकलो ते चळवळीतल्या तरुण मित्रांपर्यंत पोहोचावे म्हणून हा लेख.

आम्ही म्हणजे बुद्धविहाराच्या अभ्यासिकेत बसणारी सात-आठ मुले-मुली. कोणी स्पर्धा परीक्षेची तयारी करतो, कोणी दुकानात काम करतो, एक जण वायरमनचा कोर्स करून घरी बसला आहे. विदर्भातल्या एका तालुक्याच्या गावाच्या कडेला आमची वस्ती आहे. मोठेबाबा नात्याने आमच्यापैकी एकाचे सख्खे मोठेबाबा, पण वस्तीतले सगळेच त्यांना मोठेबाबा म्हणतात. त्यांनी उमेदीची सव्वीस वर्षे गिट्टीच्या खदानीवर आणि क्रशरवर काढली. तोंडाला दुपट्टा बांधून दगडाची भुकटी गिळली. मालकाने मास्क दिला नाही आणि हजेरीपत्रकावर नावही लावले नाही. आज त्यांची फुप्फुसे निकामी होत आली आहेत. दगडाच्या धुळीने होणाऱ्या या आजाराला सिलिकोसिस म्हणतात आणि कायद्यात तो व्यवसायजन्य आजार म्हणून नोंदलेला आहे. पण हजेरीपत्रकावर ज्याचे नावच नाही, त्याने आपला आजार कामामुळे झाला हे कोणाला आणि कसे सिद्ध करून दाखवायचे?

डॉक्टरांनी सांगितले, रोज किमान पंधरा-सोळा तास ऑक्सिजन लागेल. करोनाच्या दुसऱ्या लाटेत, २०२१ साली, एका संस्थेने विहाराला एक ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर दिला होता. लाट ओसरल्यावर तो कापड घालून कोपऱ्यात पडून होता. तोच आम्ही मोठेबाबांच्या घरी नेऊन लावला. हे यंत्र ऑक्सिजन साठवून ठेवत नाही. खोलीतली हवा आत घेते, त्यातला नायट्रोजन बाजूला काढते आणि उरलेला ऑक्सिजन नळीने नाकापर्यंत पोहोचवते. म्हणजे वीज आहे तोवर ऑक्सिजन आहे. वीज गेली की काही क्षणांत ती नुसती प्लास्टिकची नळी उरते. मोठेबाबा म्हणतात, "मशीन बंद पडली का मले विहिरीत उतरल्यासारखं वाटते."

आता त्या बिलाचा हिशोब सांगतो, कारण आपल्याकडे बिल थकवणारा म्हणजे फुकट्या, असे बोलायची फार सवय आहे. हे यंत्र साधारण साडेतीनशे वॅट वीज घेते. सोळा तास चालले तर दिवसाला साडेपाच युनिट आणि महिन्याला जवळपास १७० युनिट. मोठेबाबांच्या दोन खोल्यांत आधी महिन्याला ८० युनिट जळत. यंत्र आल्यावर तो आकडा २५० झाला. आपल्या राज्यात घरगुती विजेचे दर टप्प्याटप्प्याने वाढतात. पहिल्या १०० युनिटांना एक दर आणि १०१ ते ३०० ला त्याहून बराच जास्त. त्यामुळे युनिट तिप्पट झाले आणि बिल चौपट. सातशेच्या आसपास येणारे बिल अठ्ठावीसशेच्या घरात गेले. हे वाढीव टप्पे कशासाठी असतात? जो एसी लावतो, गिझर लावतो, त्याने जास्त द्यावे म्हणून. पण मीटरला एसी आणि फुप्फुस यातला फरक कळत नाही. त्याने आजाराला चैन म्हणून मोजले.

त्यातही एक भानगड होती. चार महिने रीडिंग घ्यायला कोणी आलेच नव्हते. जुन्या सरासरीने बिले येत राहिली आणि मोठ्याआईने ती वेळेवर भरली. पाचव्या महिन्यात कोणीतरी येऊन मीटरचा फोटो काढला आणि राहिलेले सगळे युनिट एकाच महिन्याच्या बिलात टाकले. साहजिकच ते सर्वांत महागड्या टप्प्यात गेले. बिल आले १५,८६० रुपयांचे. मोठीआई चार घरी भांडी घासते. तिने ते बिल घडी करून बाबासाहेबांच्या फोटोमागे ठेवले आणि कोणालाच सांगितले नाही. का सांगितले नाही, असे आम्ही नंतर विचारले. ती म्हणाली, "लोकायले काय सांगाव, का आमच्याच्यानं बिल भरणं होत नाही म्हनून?"

ही लाज कोणी शिकवली? चार महिने रीडिंग न घेणाऱ्याला लाज वाटली नाही. सव्वीस वर्षे धूळ खाऊ घालणाऱ्या खदानमालकाला वाटली नाही. लाज वाटली ती भांडी घासून बिले भरणाऱ्या बाईला. आमच्या मते वीज तोडण्याआधी आपल्या माणसांचा आवाज तोडला जातो आणि दुसरे काम सोपे होते ते पहिले काम आधीच झालेले असते म्हणून.

गाडी आली तेव्हा सकाळचे अकरा वाजले होते. आलेला पोरगा कंत्राटी होता आणि आपलाच होता. दारावरचे निळे तोरण बघून त्याने जय भीम घातला. मोठ्याआईने त्याला आत नेऊन यंत्र दाखवले. तो खांबावर न चढताच परत गेला. आम्हाला वाटले, झाले, माणुसकी जिंकली. दुसऱ्या दिवशी दुसरा माणूस आला. तो दारात थांबलाच नाही. सरळ खांबावर चढला आणि वायर काढून गेला. मागाहून कळले की पहिल्या पोराला साहेबाने सुनावले होते, यादीतली नावे सोडायची असतील तर उद्यापासून येऊ नको. म्हणून आम्ही त्या दुसऱ्या माणसाला खलनायक करणार नाही. ज्याची स्वतःची नोकरी अकरा महिन्यांच्या कागदावर लटकली आहे, त्याच्या दयेवर एखाद्याचा श्वास टांगून ठेवणे हाच मुळात गुन्हा आहे.

यंत्राने बारीक आवाज केला आणि ते गप्प झाले. आमच्यापैकी दोघे ग्रामीण रुग्णालयाकडे धावले. नशिबाने एक लहान सिलिंडर मिळाला. दीड हजार लिटरचा तो सिलिंडर मिनिटाला दोन लिटरने सोडला तर साधारण बारा तास पुरतो. आम्ही दारावर खडूने वेळ लिहिली, दुपारी बारा. म्हणजे रात्री बारापर्यंत आमच्या हातात वेळ होता. बाकीचे वीज कार्यालयात गेले.

तिथल्या साहेबाने आरडाओरड केली नाही, हेही प्रामाणिकपणे लिहिले पाहिजे. त्याने संगणकाचा पडदा आमच्याकडे फिरवला आणि म्हणाला, "तुम्हीच बघा. ग्राहक क्रमांक आहे, नाव आहे, पत्ता आहे, थकबाकी आहे. यात पेशंट कुठे दिसतो? आजाराचा रकानाच नाही. मी काय करू?"

आम्ही पडद्याकडे बघत राहिलो. तो खोटे बोलत नव्हता. नाव होते ते मोठेबाबांच्या वडिलांचे, ज्यांना जाऊन अठरा वर्षे झाली. म्हणजे त्या नोंदीत मेलेला माणूस जिवंत होता आणि जिवंत माणूस कुठेच नव्हता. सगळ्या प्रश्नाचे मूळ आम्हाला तिथे सापडले. व्यवस्थेला नेहमी हातात काठी घ्यावी लागत नाही. एक रकाना न ठेवला तरी तिचे काम होते.

मग आमच्यातल्या वायरमनचा कोर्स केलेल्या मित्राने मोबाईलवर वीज कायदा, २००३ उघडला. त्यातले कलम ५६ प्रत्येक वस्तीत प्रत्येक तरुणाला तोंडपाठ असले पाहिजे, म्हणून ते साध्या शब्दांत सांगतो. थकबाकीसाठी वीज तोडायची असेल तर आधी लेखी नोटीस देऊन पूर्ण पंधरा दिवस थांबावे लागते. मोठ्याआईला नोटीस मिळालीच नव्हती. दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. बिलाबद्दल वाद असेल तर ग्राहक निषेध नोंदवून पैसे भरू शकतो. एकतर मागितलेली पूर्ण रक्कम किंवा मागच्या सहा महिन्यांत भरलेल्या बिलांच्या सरासरीने होणारी रक्कम, या दोन्हींत जी कमी असेल ती. एवढे भरले की वादाचा निकाल लागेपर्यंत वीज तोडता येत नाही. तिसरी गोष्ट, दोन वर्षांपूर्वीची रक्कम मधल्या बिलांत सतत थकबाकी म्हणून दाखवलेली नसेल तर ती या कलमाखाली वसूल करता येत नाही.

आम्ही तिथेच कागद मागितला आणि अर्ज लिहिला. नोटीस नाही, रीडिंग नाही, सगळे युनिट एका महिन्यात टाकले म्हणून बिल अमान्य, निषेध नोंदवून रक्कम भरत आहोत. सरासरीने हिशोब झाला ७१० रुपये. पावती घेतली, अर्जाच्या प्रतीवर आवक शिक्का घेतला. सव्वासात वाजता वायर परत जोडली गेली. पुढे युनिट महिन्यांत वाटून बिल दुरुस्त झाले, ते बारा हजारांच्या आसपास आले आणि हप्ते बांधून मिळाले. वीज वापरली होती, ते पैसे देणे होतेच. ते आम्ही कधी नाकारले नाही. पण १५,८६० चा आकडा आणि एक माणूस यांच्यामध्ये त्या दिवशी फक्त ७१० रुपये आणि कायद्याचे एक कलम उभे होते. ते कलम आमच्यापैकी एकाला वाचता आले नसते तर? या प्रश्नाने आम्हाला त्या रात्री झोप आली नाही.

आमचे कसे फत्ते झाले, हे सांगून लेख इथेच संपवता आला असता. पण पुढे जे घडले ते सांगितल्याशिवाय हा लेख खोटा ठरेल.

एक महिन्याने १४ एप्रिल आली. विहारापासून कमानीपर्यंत रोषणाई केली, मोठे साउंड लावले आणि सगळ्याची वीज वस्तीच्याच लाइनवरून घेतली. रात्री नऊ वाजता डीपीवरचा फ्यूज उडाला आणि वस्ती अंधारात गेली. आम्ही मोबाईलचे दिवे लावून घोषणा देत होतो. पाच-सात मिनिटांनी मोठेबाबांची नात गर्दीतून वाट काढत आली आणि म्हणाली, "दादा, मशीन." आम्ही धावत गेलो. मोठेबाबा खाटेच्या कडेला दोन्ही हात टेकून बसले होते, ओठ निळसर झाले होते. आधीच्या सिलिंडरमध्ये थोडा ऑक्सिजन शिल्लक होता म्हणून निभावले. या वेळी वायर कोणी तोडली होती? वीज कंपनीने नाही, साहेबाने नाही. आम्हीच. बाबासाहेबांच्या जयंतीच्या रात्री, बाबासाहेबांच्या नावाने.

मित्रांनो, जयंती साजरी करू नका असे आम्ही म्हणत नाही. पण हा प्रसंग आम्ही लपवणार नाही. ज्या रकान्यासाठी आम्ही कार्यालयात भांडलो, तो रकाना आमच्या वहीत तरी होता का? वर्गणीच्या वहीत प्रत्येक घराचे नाव होते, कोणी किती दिले हे होते. कोणाच्या घरात कोणाचा श्वास विजेवर चालतो हे कुठेच नव्हते.

म्हणून दुसऱ्या दिवशी आम्ही शंभर पानी वही घेतली आणि घरोघरी फिरलो. वहीत अकरा नावे झाली. दुसरा एक ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर, एक रात्री लावायचे बायपॅप, घशातला कफ ओढायचे सक्शन मशीन, दम्याच्या लहान पोरांची नेब्युलायझर, फ्रीजमध्ये ठेवावे लागणारे इन्सुलिन. आणि गायरानाच्या बाजूला एका आत्याच्या झोपडीत, मणक्याला मार लागून अंथरुणाला खिळलेल्या तिच्या मुलाखाली हवेची गादी. ती गादी विजेवर आलटून पालटून फुगते म्हणून त्याच्या पाठीला जखमा होत नाहीत. आत्याच्या घराला मीटर नाही. जागेचा कागद नाही म्हणून मीटर नाही. शेजाऱ्याच्या घरातून वायर ओढून ती दर महिन्याला त्याला पैसे देते. ती वीज फुकट घेत नाही, उलट जास्त पैसे मोजते. पण ती ग्राहकच नाही. कलम ५६ तिच्या कामाचे नाही, कारण तिच्या नावाने तोडायलाच काही नाही.

आत्याच्या झोपडीत बसल्यावर आमची मागणी बदलली. आधी आम्ही म्हणत होतो, आजारी ग्राहकाची वीज तोडू नका. आता आम्ही म्हणतो, संरक्षण ग्राहक क्रमांकाला नको, माणसाला द्या. मीटर कोणाच्या नावावर आहे, जागा कोणाच्या नावावर आहे, हा प्रश्न नंतरचा. २०२२ मध्ये दिलीप विरुद्ध सतीश या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की वीज ही मूलभूत सुविधा आहे आणि घरमालक ना-हरकत देत नाही म्हणून भाडेकरूला ती नाकारता येणार नाही. तोच न्याय पुढे न्यायला हवा. सातबारा नाही म्हणून माणसाला वीज नाकारता कामा नये, आणि ज्याचा जीव विजेवर आहे त्याला तर मुळीच नाही.

असे कुठे असते का, असे विचारणारे भेटतात. शोधताना आम्हाला न्यूझीलंडमधली एक घटना वाचायला मिळाली. २९ मे २००७, ऑकलंड शहर. फोलोले मुलिआगा ही सामोआ बेटांवरून आलेल्या समाजातली ४४ वर्षांची स्त्री. घरी ऑक्सिजन यंत्रावर होती. १६८ डॉलरच्या थकबाकीसाठी वीज कंपनीच्या कंत्राटदाराने घराची वीज तोडली आणि काही तासांत तिचा मृत्यू झाला. देशभर संताप उसळला. पुढे मृत्यूची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याने वीज तोडण्याचा तिच्या मृत्यूला हातभार लागल्याचे नोंदवले. त्यानंतर तिथे वैद्यकीय कारणाने विजेवर अवलंबून असलेल्या ग्राहकांसाठी मार्गदर्शक तत्त्वे आली आणि आता ती कंपन्यांवर बंधनकारक आहेत. ऑस्ट्रेलियात जीवरक्षक यंत्र असलेल्या घराची नोंद झाली की थकबाकीसाठी वीज तोडता येत नाही. ब्रिटनमध्ये अशा घरांची प्राधान्य नोंदवही असते आणि वीज जाणार असेल तर आधी कळवले जाते. आम्ही परदेशाची आरती ओवाळत नाही. तिथेही मेली ती बाहेरून आलेल्या, गरीब, रंगाने वेगळ्या समाजातलीच बाई होती. पण तिच्या मरणानंतर तिथे रकाना तयार झाला. आपल्याकडे वस्तीत माणूस गेला तर 'दीर्घ आजाराने' एवढेच लिहिले जाते.

आपल्या कायद्यात जागाच नाही असेही नाही. केंद्राचे वीज ग्राहकांच्या हक्कांचे नियम २०२० मध्ये आले. वीज बंद राहणार असेल तर ग्राहकाला आधी कळवा, अचानक गेली तर संदेश पाठवून कधी येईल ते सांगा, ज्येष्ठ नागरिकांना सेवा घरपोच द्या, असे त्यात आहे. वीज कायद्याच्या कलम ६२ मध्ये वीज कोणत्या कामासाठी हवी आहे ते पाहून दरात फरक करता येतो. कलम ६५ प्रमाणे राज्य सरकार कोणत्याही ग्राहकवर्गाला सवलत देऊ शकते, फक्त त्याची रक्कम आधी भरावी लागते. म्हणजे श्वासाच्या युनिटांना वेगळा दर लावायला कायद्याची आडकाठी नाही. आडकाठी आहे ती इच्छेची, आणि आपल्या गैरहजेरीची.

गैरहजेरी का म्हणतो? वीजदर ठरवण्यापूर्वी विद्युत नियामक आयोगाला लोकांच्या सूचना आणि हरकती विचारात घ्याव्या लागतात. जाहीर सुनावणी होते. तिथे उद्योजकांच्या संघटना जातात, यंत्रमागवाले जातात, ग्राहक संघटना जातात. आपल्या वस्तीतून कोण जाते? आपण मोर्चाला हजारोंनी जातो, ते आवश्यकच आहे. पण जिथे युनिटचा टप्पा ठरतो त्या खोलीत आपला एकही माणूस नसेल तर मोर्चातला आवाज त्या कागदावर कसा उमटणार?

आणि वीज हा विषय आपल्याला परका कसा? १९४२ ते १९४६ या काळात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते आणि विजेचा विषय त्यांच्याच खात्याकडे होता. २५ ऑक्टोबर १९४३ रोजी वीज धोरण समितीपुढे बोलताना त्यांनी वीज मुबलक आणि स्वस्त असावी यासाठी आग्रह धरला, ती सरकारी असावी की खाजगी याचा विचार मांडला आणि देशाला दारिद्र्यातून बाहेर काढण्याशी तिची सांगड घातली. १९४४ मध्ये त्यांच्याच कारकिर्दीत केंद्रीय तांत्रिक वीज मंडळ स्थापन झाले. आपण बाबासाहेबांना घटनेच्या पुस्तकासह पाहतो, पण देशाच्या वीज धोरणाचा पाया घालणारा माणूस म्हणून किती जणांना माहीत आहेत? त्यांच्या जयंतीला आपण विजेची माळ लावतो आणि विजेवरचे त्यांचे काम वाचत नाही.

आमच्या मागणीवर तीन आक्षेप नेहमी येतात. पहिला, लोक खोटे दाखले आणतील. आणतील काही. म्हणून प्राथमिक आरोग्य केंद्राच्या किंवा ग्रामीण रुग्णालयाच्या डॉक्टरने दाखला द्यावा, वर्षाला तपासणी व्हावी. खोटे रेशनकार्ड निघते म्हणून रेशन दुकान बंद करत नाहीत. दुसरा, थकबाकी बुडेल. वसुलीचे इतर मार्ग आहेत, हप्ते आहेत. श्वास तारण ठेवून वसुली करणे हा सावकारी मार्ग आहे. तिसरा आक्षेप आपल्यातलेच सुशिक्षित घेतात, एवढे आहे तर इन्व्हर्टर घ्यावा. चांगला इन्व्हर्टर आणि बॅटरी घ्यायला पंधरा-वीस हजार लागतात, आणि नवी बॅटरीही हे यंत्र तीन-चार तासच चालवते. वीज जोडलेलीच नसेल तर बॅटरी चार्ज कुठून होणार?

आम्हाला हवे आहे ते असे. यंत्रावर अवलंबून असलेल्या माणसांची नोंदवही वीज कंपनीने आणि आरोग्य विभागाने मिळून ठेवावी. नोंद असलेल्या घराची वीज थकबाकीसाठी तोडू नये. यंत्राच्या युनिटांना वरचा टप्पा लावू नये. बिघाड झाला तर त्या लाइनला आधी माणूस पाठवावा. ठरवून वीज बंद करायची असेल तर फोन करून सांगावे आणि तेवढ्या वेळेपुरता सिलिंडर सरकारी दवाखान्याने द्यावा. आणि ज्याच्याकडे मीटर नाही, त्याला जागेचा कागद न मागता जोडणी द्यावी.

हा शेवटचा मुद्दा आम्ही मुद्दाम शेवटी ठेवला नाही, तो पहिला आहे. महाडची आठवण करा. १९२३ मध्ये मुंबई कायदे मंडळात बोले ठराव झाला, १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने तळे खुले केले. कागदावर सगळे झाले होते. तरी २० मार्च १९२७ पर्यंत आपल्या माणसाच्या ओंजळीत पाणी आले नव्हते. उद्या नियम झाला आणि तो फक्त ग्राहक क्रमांक असलेल्यांना मिळाला, तर गायरानातली आत्या तळ्याच्या काठावरच उभी राहील.

नियम होईपर्यंत काय? आम्ही जे करतो ते सांगतो, तुमच्या वस्तीत उद्या करता येईल. विहारात वही ठेवली आहे, अकरा घरांचे फोन नंबर तिच्यात आहेत. त्या घरांच्या दाखल्याच्या प्रती आणि 'या घरी विजेवर चालणारे वैद्यकीय उपकरण आहे' असा अर्ज वीज कार्यालयात देऊन आवक शिक्का घेतला आहे. मेलेल्या माणसांच्या नावांवरची मीटर वारसांच्या नावावर करायचे अर्ज भरतो आहोत. विहाराच्या भिंतीवर कलम ५६ साध्या मराठीत रंगवले आहे. तक्रार ऐकली नाही तर ग्राहक तक्रार निवारण मंच आणि त्यावर विद्युत लोकपाल आहे, हेही खाली लिहिले आहे. यावर्षी जयंतीच्या वर्गणीतून पहिला खर्च जनरेटरच्या भाड्याचा ठरला आहे आणि दुसरा भरलेल्या सिलिंडरचा. आत्याच्या मीटरचा अर्ज दोनदा परत आला. तिसऱ्यांदा भरला आहे. अजून उत्तर नाही.

परवा वही घेऊन मोठेबाबांकडे गेलो होतो. त्यांना वाचता येत नाही. त्यांनी आपले नाव कुठे आहे ते विचारले, त्यावर बोट ठेवले आणि शेजारच्या रकान्यात काय लिहिले आहे ते विचारले. आम्ही वाचून दाखवले, ऑक्सिजन, सोळा तास. ते थोडा वेळ गप्प राहिले. मग नळी नीट करत म्हणाले, "खदानीवर सव्वीस वर्षं गेली. तवा कोन्या वहीत नाव नव्हतं माहं."

तुमच्या वस्तीतली वही कधी सुरू करता?

जय भीम! जय संविधान!